यादीत नसलेली टिबुकली

टोकरखाडा, सिल्वासा
६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सदादादा,

कानाचं यंत्र तू पुन्हा पेटीत टाकलंस असं वहिनीने कळवलं. म्हणजे फोन बंद. हरकत नाही. आज जे पाहिलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, त्याची शोभा शोभानेच कागदावर करायला हवी.

वन्यजीव सप्ताह चालू आहे. त्यानिमित्त आमच्या वसाहतीमागच्या भोयेफळियाच्या तळ्यावर आज 'पक्षी-प्रभात' नावाचा कार्यक्रम झाला. वेळ साडेसहाची दिली होती. मी सव्वासहाला पोचले. पक्षी केव्हाच आपापल्या कामाला लागले होते. आयोजक पावणेआठला आले आणि सगळ्यात आधी त्यांनी नाश्त्याचं टेबल मांडलं.

मी तिथे कशाला, असं विचारशील. शाळेतून हुकूम होता. विज्ञान शिकवते, आणि तुझ्या कृपेने पाखरांची नावं ठाऊक आहेत, म्हणून माझ्या गळ्यात 'तज्ज्ञ मार्गदर्शक' असा बिल्ला अडकवला. मार्गदर्शन कुणालाच नको होतं.

निसर्गसखा मंडळाचे अध्यक्ष कल्पेशभाई. यांचा पेव्हर ब्लॉकचा कारखाना आहे. अंगात डझनभर खिशांचं जाकीट, डोक्यावर शिकाऱ्याची टोपी, आणि कॅमेऱ्याची नळी माझ्या हाताएवढी लांब. त्यांनी पहिला फोटो खंड्याचा काढला, म्हणजे खंड्या उडून गेल्यावर राहिलेल्या विजेच्या तारेचा. ढोकरीला सारस म्हणाले. मी हळूच दुरुस्ती केली तर "एक ज फॅमिली ने, बेन," म्हणून पुढे गेले.

माणसं साठेक असतील. सगळ्यांना फुकट टोप्या, त्याही हळदीसारख्या पिवळ्या. निवेदिका माइकवर ओरडून सांगत होती की कृपया शांतता राखा, पक्षी घाबरतील. तिच्या त्या आवाजाने शेकाट्यांचा अख्खा थवा उठून दमणगंगेकडे गेला आणि तिने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. काठावर सिमेंटचे दोन रोहित पक्षी उभे केलेत, गुलाबी ऑइलपेंट लावून. या तळ्यावर रोहित कधी आलेला मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही. पण दिवसभरात सर्वाधिक फोटो त्या दोघांचेच निघाले. फाफड्यांचे कागद पाण्यावर तरंगायला लागले तेव्हा एका बाईने मला विचारलं, ते पांढरे बगळे का?

शेवटी कचेरीतले साहेब आले. त्यांनी भाषणात सांगितलं की आता हे तळं राहणार नाही, 'लेकफ्रंट' होणार. गाळ उपसणार, काठाला फरसबंदी, रंगीत कारंजं, बदकाच्या आकाराच्या होड्या. म्हणजे खरी बदकं गेली तरी प्रश्न नाही. कारंज्याचं आणि फरसबंदीचं काम कल्पेशभाईंच्या मेहुण्याकडे आहे, हे साहेबांनी भाषणात सांगितलं नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

चहा द्यायला आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी चिमाबाई आणली होती. तिचं घर तळ्याला लागूनच आहे. तीही मध्येच साहेबांना काहीतरी सांगायला गेली, पाण्याकडे हात करून. मुख्याध्यापकांनी तिला किटलीकडे परत पाठवलं. आणखी एक भाषण टळलं.

पक्ष्यांची यादी मी केली. सत्तावीस जाती. खाली सह्या झाल्या, फोटो झाला, घरी आले. यादीची नक्कल सोबत ठेवते आहे. तुझी घटकाभर करमणूक होईल.

तुझी,
शोभा

---

मालवण
१५ ऑक्टोबर २०२४

चि. शोभा,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्या खेपेला तुझ्या वहिनीला मोठ्याने. ती खूप हसली, निदान तिचे खांदे हलताना मला दिसले.

तुझ्या कल्पेशभाईंचे भाऊबंद इथेही आहेत. एक रिसॉर्टवाला पाहुण्यांना होडीतून नेतो, माशांची डोकी फेकतो आणि समुद्रगरुड झेपावला की 'जंगली शिकार' म्हणून फोटो काढायला लावतो. परवा त्याने मला विचारलं, काका, गरुडाला ठरलेल्या वेळेला यायची सवय कशी लावायची. मी त्याला म्हटलं, त्याला घड्याळ घेऊन दे. त्याने ते ऐकून मान डोलावली. बहिऱ्या माणसाचं एक बरं असतं, उत्तर देऊन झालं की तो चालू लागतो.

आता यादीचं. करमणूक झाली नाही.

कमळांनी भरलेलं तळं, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, आणि कमळपक्षी एकही नाही. बदकं लिहिलीस, अडई लिहिलीस, जांभळी पाणकोंबडी लिहिलीस, पण टिबुकली नाही. शोभा, टिबुकली गुरांच्या डबक्यातसुद्धा असते. सहा वर्षांची होतीस तेव्हा आपण मळ्यातल्या तळीवर बसून ती बुडाली की कुठे वर येईल यावर चिंचोके लावायचो, आणि जिंकायचीस तू. सव्वासहा ते पावणेआठ एकटी बसलीस, तरी तुला ती दिसली नाही? डोळे अधू झाले असतील तर चष्मा बदल. पण पाण्यावर तरंगणारा फाफड्याचा कागद तुला बरा दिसला.

दुसरं. चिमाबाई साहेबांना काय सांगायला गेली होती? टोप्यांचा रंग लिहिलास, जाकिटाचे खिसे लिहिलेस, एवढं मात्र लिहिलं नाहीस.

आणि तिसरं. ज्या कागदावर सह्या झाल्या त्यावर यादीशिवाय काय छापलं होतं ते कळव. मी अशा कागदांमध्ये नोकरी काढली आहे.

दादा

---

टोकरखाडा
२४ ऑक्टोबर २०२४

सदादादा,

मालवणात पडवीवर बसून दुसऱ्याची यादी तपासणं सोपं आहे. मी तुला चार घटका हसवायला पत्र लिहिलं आणि तू माझी तपासणी घेतलीस. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझीच वही कुणी लाल शाईने रंगवावी असं मला वाटत नाही.

टिबुकली राहून गेली असेल. कमळपक्षीही असेल. साठ माणसं आणि एक माइक असताना काय राहतं आणि काय जातं याचा हिशेब कोण ठेवतो? त्या यादीला कोण विचारणार आहे?

आणि त्या तळ्याचं तू जे चित्र मनात रंगवतोस तसं ते नाही. धुळ्या-नंदुरबारकडून कारखान्यांत आलेल्या लोकांच्या चाळी आता अगदी काठापर्यंत आल्या आहेत. त्यांचं सगळं सांडपाणी तळ्यात. मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या तीन मुलांना डेंग्यू झाला, एक पोरगी जेमतेम वाचली. गाळ कधीतरी काढायला हवाच होता. दिवाळीनंतर काढणार आहेत. त्यात तुला वाईट वाटण्यासारखं काय आहे?

कागद छापील होता. शेवटच्या ओळीत 'तळ्यात घरटी अथवा वीण आढळली नाही' असं आधीच टाइप करून आणलेलं होतं. बारा जणांनी सही केली, त्यात एक मी. चिमाबाई तिच्या घराबद्दल काहीतरी बोलत होती, मी नीट ऐकलं नाही.

येत्या जूनमध्ये मी निवृत्त होते. पेन्शनचे कागद याच लोकांच्या टेबलांवरून जायचे आहेत, आणि तोवर राहायला हे क्वार्टर हवं. सगळ्यांनाच तुझ्यासारखं ताठ राहता येत नाही. खाडीकाठची कांदळं तोडायला निघाले तेव्हा तू तुझ्या त्या साहेबाशी भांडलास, त्याने ऐकलं नाही, पण भांडलास. मी भांडले नाही. झालं तुझं समाधान?

दिवाळीला वहिनीसाठी इथली साडी पाठवते आहे. रंग आवडला नाही तर तसं स्पष्ट कळव, तुमच्या घरात स्पष्ट बोलायची पद्धत आहे.

शोभा

---

मालवण
३० ऑक्टोबर २०२४

शोभा,

साडीचा रंग चांगला आहे.

मी भांडलो नव्हतो.

हे तुला तेहतीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. जेटीच्या रस्त्यासाठी खाडीकाठचा तो पट्टा हवा होता. पाहणी करून अहवाल द्यायचं काम माझं होतं. जुलै महिना होता. कांदळांवर बगळ्यांची वीण चालू होती, प्रत्येक झाडावर आठ-दहा घरटी, खाली पिल्लांच्या विष्ठेने चिखल पांढरा झालेला. मी होडीतून गेलो, मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे थांबलो. कचेरीत येऊन लिहिलं, 'पक्ष्यांची वस्ती नाही.'

ज्या साहेबाला तू इतकी वर्षं शिव्या देतेस, त्याने मला दोनदा विचारलं होतं. मुंबईकडचा माणूस, त्याला बगळा आणि बदक यातला फरक कळत नव्हता, पण म्हणाला, "सदाशिवराव, नक्की नाहीत ना? मी तुमच्या शब्दावर सही करतो आहे." मी म्हटलं, नक्की नाहीत. ठासून म्हटलं.

महिन्याभरात माझी लांबच्या गावी निघालेली बदली रद्द झाली. आई अंथरुणाला होती, बायको एकटी होती, मला गाव सोडायचं नव्हतं. त्या एका ओळीवर मी पुढची अठरा वर्षं घरचं जेवलो. झाडं तोडली त्या दिवशी मी रजा घेतली होती. तू सुट्टीत आलीस आणि रडत विचारलंस हे कुणी केलं, तेव्हा माझ्या तोंडून साहेबाचं नाव निघालं. मग भांडणाची गोष्ट तू आपणहून रचलीस आणि मी ती मोडली नाही. ती ऐकायला बरी वाटायची.

तेव्हापासून मी सगळ्यांना हसतो. रिसॉर्टवाल्याला, टोपीवाल्यांना, सरपंचाला. तुझं पहिलं पत्र वाचून मला वाटलं, हे तर माझंच अक्षर आहे.

तुझी टिबुकली राहून गेलेली नाही. यादी करताना ज्यांची घरटी असतात तीच दोन नावं आपोआप गळत नाहीत. खरं काय ते लिही, नाहीतर लिहू नकोस.

सदा

---

टोकरखाडा
२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

दादा,

तुझं पत्र सहा तारखेला दुपारी मिळालं. त्याच दिवशी सकाळी लाभपाचमेच्या मुहूर्तावर तळ्यात जेसीबी उतरला होता. मी ते पत्र वाचत होते आणि मागून त्याचा आवाज येत होता.

तुझ्यावर रागावू की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या साहेबाला मी किती वर्षं शिव्या दिल्या. तो आता जिवंत आहे का, तेही ठाऊक नाही. पण त्याबद्दल नंतर. आधी माझं.

त्या रविवारी सव्वासहाला मी तळ्यावर पोचले तेव्हा चिमाबाई काठावर उभी होती. तिनेच मला बोलावून दाखवलं. काठापासून वीसेक हातांवर कमळाच्या पानांवर कमळपक्ष्याचा नर बसला होता. जरा उठला तेव्हा खाली चार अंडी दिसली, तपकिरी, तकतकीत, वर काळ्या रेघोट्या, कुणी लहान मुलाने शाईने गिरवावं तशा. त्याच्या पलीकडे कुजक्या शेवाळाचे तीन ढीग होते. टिबुकली पाण्यात उतरताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून जाते, हे तूच मला शिकवलेलं. सगळं मला दिसलं, दादा. चष्म्याचा नंबर ठीक आहे.

मग कागद पुढे आला. मी ती शेवटची ओळ वाचली आणि थांबले. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले की मॅडम, सात-आठ महिने राहिलेत, कशाला? एवढंच. धमकी नाही, काही नाही. मी सही केली. आणि कुणा जाणकाराने विचारू नये म्हणून ती दोन नावं यादीत लिहिलीच नाहीत. चिमाबाई साहेबांना त्या अंड्यांबद्दलच सांगायला गेली होती. तिला परत पाठवलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी बिल्ला सरळ करत होते.

कार्यक्रम संपल्यावर ती नळावर पेले विसळत होती. मी रिकामा पेला द्यायला गेले. तिने वर न बघता विचारलं, "मग ती अंडी कोणाची, बाई?"

मी घरी येऊन तुला तो विनोदी वृत्तान्त लिहिला.

तुझं पत्र वाचून संध्याकाळी तिच्याकडे गेले. तिने खाट दिली नाही, बस म्हटलं नाही. मी म्हटलं, उद्या मी कचेरीत जाऊन सही मागे घेते. ती म्हणाली, जा. कमळपक्ष्याची पिल्लं दिवाळीआधीच निघून हिंडायला लागली होती, ती बापाच्या पंखांखाली लपून पलीकडच्या काठाला गेली, असं तिने सांगितलं. टिबुकलीची दोन घरटी अजून होती, नव्या विणीची, आणि एक जेसीबीने त्या सकाळीच उचललं होतं.

सात तारखेला मी कचेरीत अर्ज दिला. त्यात लिहिलं की सहा ऑक्टोबरच्या कागदावरची माझी सही खोट्या मजकुराखाली आहे, मी घरटी पाहिली होती, काम थांबवून पुन्हा पाहणी करावी. खिडकीवरच्या माणसाने अर्ज उलटसुलट केला आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, शिकायत किसके खिलाफ है?"

"माझ्याच," मी म्हटलं.

त्याला तसा रकानाच सापडेना. शेवटी 'इतर'मध्ये नोंद करून शिक्का दिला.

परत येऊन तळ्यावर गेले. जेसीबी चालवणारा भास्कर नावाचा शिरपूरकडचा माणूस आहे, त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. त्याला अर्जाची नक्कल दाखवली. तो म्हणाला की हा कागद माझ्या मालकाला चालणार नाही, पण कुठे खणायचं नाही ते मला दाखवून ठेवा. मी पश्चिमेचा कोपरा दाखवला. त्याने दुसऱ्या दिवसापासून तो कोपरा सोडून पूर्वेकडून खणलं, रोज काहीतरी बिघाड सांगून हळूहळू. त्या साठ पक्षिमित्रांनी नाही, पाखरांसाठी कुणी काही केलं असेल तर या टोपी न मिळालेल्या माणसाने.

बुधवारी, वीस तारखेला, साहेब पाहणीला आले. कल्पेशभाई, मुख्याध्यापक, मंडळाचे आठ-दहा सभासद, दुर्बिणी, सगळा लवाजमा. मला विचारलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी खोटं लिहिलं होतं. कल्पेशभाई हसून म्हणाले की मॅडमची तब्येत बरी नसते हल्ली. मग साहेब म्हणाले, दाखवा कुठे आहेत घरटी. दुर्बिणी लागल्या. टिबुकली आम्हाला पाहून केव्हाच बुडी मारून गेली होती आणि घरट्याच्या जागी फक्त शेवाळाचा ढीग दिसत होता. एक सभासद म्हणाला, हा तर कचरा आहे.

चिमाबाई गर्दीच्या मागे होती. ती पुढे आली, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. कमरेपर्यंत पाणी, खाली गाळ. ढिगापाशी जाऊन तिने दोन बोटांनी शेवाळ जरासं बाजूला केलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "पाच आहेत. या, मोजा."

कुणी हललं नाही. जाकीटवाले हलले नाहीत, साहेबांनी बुटांकडे पाहिलं. एकाने विचारलं की पाण्यात साप असतील का. ती तशीच उभी होती, काठावरच्या एकेकाकडे बघत. तिच्या त्या नजरेत माझ्यासाठी वेगळं काही राखून ठेवलेलं नव्हतं. त्यांना जे, तेच मला.

मग मी चपला काढल्या. शाळेची साडी होती अंगावर. दोनदा पाय घसरला, एकदा नाकातोंडात पाणी गेलं. तिने हात दिला नाही, मी पोचेपर्यंत वाट पाहिली एवढंच. अंडी पाच होती. पांढरी निघतात आणि शेवाळाने तपकिरी होतात, तशीच. मी तिथून मोठ्याने सांगितलं, "पाच." तिने शेवाळ परत ओढलं आणि आम्ही बाहेर आलो.

साहेबांनी तिथेच कागदावर लिहिलं की पश्चिमेचा भाग गुढीपाडव्यापर्यंत हलवू नये. पूर्वेकडचा भाग आधीच गेला आहे, तिथे आता उघडी लाल माती आहे. अर्धं तळं वाचलं, असं मी म्हणू शकते. अर्धं माझ्या सहीने गेलं, हेही.

आता तुला हसायला एक गोष्ट देते. आज सकाळी तळ्यावर पाटी लागली. 'येथे पक्ष्यांची घरटी आहेत. शांतता राखा. सौजन्य: निसर्गसखा मंडळ.' वर कल्पेशभाईंचा फोटो, टोपीसकट.

आणि एक न हसण्याची. मला जानेवारीपासून दुधनीच्या शाळेत पाठवलं आहे, निवृत्तीपर्यंत. पेन्शनला धक्का लागणार नाही, क्वार्टरही राहील, असं मुख्याध्यापकांनी फार उदार चेहऱ्याने सांगितलं. चिमाबाईला मात्र शुक्रवारी कामावरून काढलं. तिला बदली नसते. खोटं मी लिहिलं, आणि नोकरी तिची गेली.

शोभा

---

मालवण
१० डिसेंबर २०२४

शोभा,

तुझं पत्र वाचलं. वहिनीला वाचून दाखवलं नाही. तिला आधी माझं सांगायचं होतं, ते मी या आठवड्यात सांगितलं. तिने बराच वेळ तांदूळ निवडले आणि मग म्हणाली की मला वाटलंच होतं. तीस वर्षं तिला वाटत होतं आणि तिने विचारलं नव्हतं.

मग मी जुन्या कचेरीत गेलो. तुझ्यासारखाच अर्ज लिहून नेला. तिथल्या मुलाने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं की त्या सालच्या फायली नष्ट केल्या, आता दुरुस्तीला कागदच शिल्लक नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हातारा माणूस उन्हातून आला म्हणून त्याला माझी दया आली असावी.

मी ग्रामसभेतही उभा राहिलो. कानाचं यंत्र लावून गेलो होतो, लोक काय म्हणतील ते ऐकावं म्हणून. मी सांगितलं की त्या कांदळांवर दोनशेहून जास्त घरटी होती आणि नाहीत असं मी लिहिलं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सरपंच म्हणाला, "काका, जाऊ दे, आता जुनं कशाला? त्या जेटीमुळे गावाचं भलंच झालं." आणि पुढचा विषय घेतला, रस्त्यावरच्या दिव्यांचा. मी तिथेच यंत्र काढून खिशात टाकलं. कुणी एक जरी रागावला असता तर मी आणखी थोडा वेळ बसलो असतो.

तुझ्यावर निदान एक माणूस रागावलं आहे. त्या चिमाबाईला मी भेटू शकतो का? तज्ज्ञ म्हणून माझी ओळख करून देऊ नकोस. मी काय लिहिलं होतं ते तिला आधी सांग, मग विचार.

सदा

---

दुधनी
१२ जानेवारी २०२५, रविवार

दादा,

उत्तराला महिना लागला, कारण तुझा निरोप पोचवण्याआधी मला दुसरं काम होतं. चिमाबाईला काढलं त्याविरुद्ध अर्ज, मग त्या अर्जाचं काय झालं ते विचारणारा अर्ज, मग सुनावणी. सुनावणीत मी सांगितलं की तिने खोटं काहीच केलं नाही, खोटं करणारी मी, मग शिक्षा वाटताना आम्हा दोघींची अदलाबदल झाली आहे काय? त्यावर निकाल अजून नाही. लागेल असं मला फारसं वाटत नाही. तरी दर सोमवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी बसने जाते आणि त्या टेबलासमोर बसून येते. आता त्या लोकांना माझा कंटाळा आला आहे, आणि तो मला आवडायला लागला आहे.

दुधनीची शाळा लहान आहे. मागे धरणाचं पाणी. इथली मुलं पक्ष्यांची नावं मला सांगतात, मी लिहून घेते.

चिमाबाई आता मासळी विकते. तिच्याकडे मी दर रविवारी जाते. अजून खाट मिळालेली नाही, पण मागच्या खेपेला जाळ्याचं एक टोक धरायला दिलं. तुझं सगळं तिला सांगितलं, कांदळं, बगळे, साहेबाने दोनदा विचारलं ते, ग्रामसभेत कुणी रागावलं नाही तेही. ती जाळ्याची गाठ सोडवत ऐकत होती. दोनशे हा आकडा तिने पुन्हा विचारला. मी म्हटलं, दोनशेच्या पुढे मोजले नाहीत. मग तिने जाळं गुंडाळायला घेतलं. मला वाटलं, उठून जाईल.

शेवटी म्हणाली, "येऊ दे. पण त्याला सांग, इथे येऊन रडायचं नाही. पहाटे उठायचं, तळ्यावर यायचं."

तेव्हा ये. वापीला उतर, मी स्टेशनवर असेन. कानाचं यंत्र आण, ती एकदा बोललेलं पुन्हा बोलत नाही.

शोभा